जावा प्रकल्पबांधणीतील तुटलेले अवलंबन : कारणमीमांसा व उपाययोजना

सारांश :
जावा भाषेतील आजचा कोणताही प्रकल्प दुसऱ्यांनी लिहिलेल्या अनेक लायब्रऱ्यांवर उभा असतो. यांपैकी एक लायब्ररी मिळेनाशी झाली किंवा तिची आवृत्ती जुळली नाही, तर संपूर्ण प्रकल्प ठप्प होतो. प्रस्तुत लेखात अशा तुटलेल्या अवलंबनाचे प्रकार, त्यांची लक्षणे, त्यांमागील प्रत्यक्ष घडामोडी आणि उपाय यांचा परामर्श घेतला आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी कोणती व्यवस्था उभारावी, याचाही विचार शेवटी मांडला आहे.

बीजसंज्ञा : जावा, मेव्हन, ग्रेडल, लायब्ररी, अवलंबन, रिपॉझिटरी, आवृत्ती.

१. प्रस्तावना

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही संगणकीय भाषा जगासमोर आणली. तेव्हापासून आजतागायत संगणक विषयाच्या अभ्यासक्रमांत तिचे स्थान टिकून आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा व त्याच्या आसपासच्या शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर या परिसरातील विद्यार्थीही पदवीच्या अखेरच्या वर्षाचा प्रकल्प पुष्कळदा याच भाषेत करतात.

अशा प्रकल्पाच्या बाबतीत एक अनुभव सार्वत्रिक आहे. घरच्या संगणकावर व्यवस्थित चालणारा प्रकल्प प्रयोगशाळेतील संगणकावर आणला की बांधणीच होत नाही. गतवर्षीच्या विद्यार्थ्यांनी यशस्वी केलेला प्रकल्प यंदा उघडला की पडद्यावर लाल अक्षरांतील संदेशांची रांग लागते. विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रणालीत एका ओळीचाही बदल केलेला नसतो. तरीही तो "आपल्याला जावा जमत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. परीक्षकासमोर त्याला कारण सांगता येत नाही आणि गुण जातात. त्याहून मोठी हानी अशी की, ज्या दोषाचा त्याच्या बुद्धीशी काहीही संबंध नाही त्या दोषापायी त्याचा आत्मविश्वास जातो.

हा दोष बहुधा अवलंबनाचा असतो. भाषेचे व्याकरण वर्गात शिकवले जाते, परंतु प्रकल्पाची बांधणी कशी होते आणि ती कोठे मोडते हे शिकणे विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडले जाते. ही उणीव काही अंशी भरून काढणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. लायब्ररी, अवलंबन आणि बिल्ड टूल

लायब्ररी म्हणजे विशिष्ट कामासाठी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या प्रणालींचा संच. जावामध्ये असा संच सामान्यतः 'जार' या प्रकारच्या एका फाइलमध्ये बांधलेला असतो. डेटाबेसशी जोडणी करणे, एक्सएमएल वाचणे, घडामोडींची नोंद ठेवणे अशी कामे प्रत्येकाने नव्याने लिहावयाची नसतात. ती लायब्ररीकडे सोपवली जातात. आपला प्रकल्प ज्या लायब्ररीवाचून चालत नाही, ती लायब्ररी म्हणजे त्या प्रकल्पाचे अवलंबन, व्यवहारातील शब्दात डिपेन्डन्सी होय.

अपाची अँट हे साधन २००० साली आले. त्यात बांधणीच्या पायऱ्या लिहून ठेवण्याची सोय होती, मात्र जार फाइली प्रत्येकाने स्वतः शोधून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्या लागत. कोणती जार कोठून आणली आणि ती कितव्या आवृत्तीची आहे, याचा पत्ता काही महिन्यांनी कोणालाच लागत नसे. ही अडचण मेव्हनने दूर केली. त्याची १.० ही आवृत्ती २००४ साली आणि संपूर्ण नव्याने रचलेली २.० ही आवृत्ती २००५ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१२ साली ग्रेडलची १.० आवृत्ती आली. आज ही दोन्ही साधने प्रचारात आहेत.

मेव्हनमध्ये प्रत्येक लायब्ररीची ओळख प्रामुख्याने तीन गोष्टींनी ठरते : गट, नाव आणि आवृत्ती. प्रकल्पाच्या 'पॉम' फाइलमध्ये ही ओळख लिहिली की मेव्हन ती लायब्ररी 'मेव्हन सेंट्रल' या मध्यवर्ती भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून, उतरवून घेते. तिची प्रत संगणकावरील 'डॉट एम-टू' या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी तीच प्रत वापरली जाते. ग्रेडलचेही असेच स्वतंत्र स्थानिक भांडार असते.

येथपर्यंत मामला सरळ आहे. परंतु आपण मागवलेल्या लायब्ररीला स्वतःच्याही लायब्रऱ्या लागतात, आणि त्यांना आणखी दुसऱ्या. लग्नाला एका पाहुण्यास आमंत्रण द्यावे आणि त्याच्याबरोबर त्याचे सोयरे व सोयऱ्यांचे सोयरे यावेत, तसे हे घडते. पाच नावे लिहिलेल्या प्रकल्पात पन्नास जार फाइली दिसू लागतात त्या यामुळेच. या परंपरेने आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी अडला तरी पंगत अडते.

३. अवलंबन तुटण्याचे प्रकार

पडद्यावरील संदेश सारखेच भासत असले तरी त्यांमागील कारणे भिन्न असतात. त्यांचे पुढीलप्रमाणे सहा प्रकार करता येतील.

३.१ भांडारापर्यंत पोहोचता न येणे

लायब्ररी जागेवर असते, मात्र आपला संगणक तेथवर जाऊ शकत नाही. इंटरनेट बंद असणे किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यातील प्रॉक्सीची माहिती मेव्हनला दिलेली नसणे ही साधी कारणे झाली. जुन्या संगणकांच्या बाबतीत याहून सूक्ष्म कारण संभवते. मेव्हन सेंट्रलने जून २०१८ मध्ये टीएलएस या सुरक्षित संवादपद्धतीच्या १.२ पूर्वीच्या आवृत्त्या स्वीकारणे थांबवले. जावा ८ मध्ये १.२ ही आवृत्ती आपोआप वापरली जाते, जावा ७ च्या मूळ मांडणीत मात्र ती बंद असे. त्यानंतर १५ जानेवारी २०२० पासून साध्या एचटीटीपी पत्त्यावरून लायब्ररी देणे बंद झाले. अशी मागणी आल्यास '५०१' हा क्रमांक परत येतो. २०२१ साली आलेल्या मेव्हन ३.८.१ ने तर इतर भांडारांचेही साधे एचटीटीपी पत्ते आपणहून रोखण्यास प्रारंभ केला. जुन्या पुस्तकातून किंवा जुन्या प्रकल्पातून उतरवून घेतलेली पॉम फाइल आज चालत नाही, याचे एक कारण येथे सापडते. पत्ता 'एचटीटीपीएस' करणे व जावाची नवी आवृत्ती बसवणे हा यावरील उपाय आहे.

याच प्रकारात एक फसवी गोष्ट घडते. एखादी लायब्ररी एकदा मिळाली नाही, तर मेव्हन त्या अपयशाचीही नोंद ठेवते आणि ठरावीक अवधी संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाही. त्यामुळे इंटरनेट सुरू झाल्यावरही तोच संदेश येत राहतो. आज्ञेसोबत मोठ्या लिपीतील 'यू' हा पर्याय दिल्यास मेव्हन नव्याने शोध घेते. ग्रेडलमध्ये 'रिफ्रेश डिपेन्डन्सीज' हा पर्याय त्यासाठी आहे.

३.२ भांडारच बंद होणे

'जेसेंटर' हे भांडार अँड्रॉइड प्रकल्पांत सर्रास वापरले जाई. ते चालवणाऱ्या जेफ्रॉग कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ही सेवा गुंडाळण्याची घोषणा केली. काही काळ ते केवळ वाचनापुरते उपलब्ध राहिले. ऑगस्ट २०२४ पासून त्याच्याकडे येणाऱ्या मागण्या मेव्हन सेंट्रलकडे वळवल्या जातात. ज्या लायब्रऱ्या केवळ जेसेंटरवरच होत्या, त्यांचे प्रकल्प यामुळे उघडे पडले. येथे पत्त्यात बदल करून भागत नाही. ती लायब्ररी अन्य भांडारात कोणत्या नावाने आहे हे पाहावे लागते, अन्यथा पर्यायी लायब्ररी स्वीकारावी लागते.

या संदर्भात एक भेद ध्यानात घ्यावा. जावास्क्रिप्टच्या जगात मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतली आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. मेव्हन सेंट्रलच्या नियमानुसार एकदा प्रकाशित झालेली आवृत्ती बदलता किंवा काढून टाकता येत नाही. यातून निदानासाठी उपयुक्त असा तर्क निघतो. 'सेंट्रलमध्ये सापडत नाही' असा संदेश आल्यास लायब्ररी नाहीशी झाली असण्याची शक्यता अत्यल्प असते. बहुधा नाव किंवा आवृत्ती लिहिण्यात चूक असते, अथवा ती लायब्ररी मुळातच दुसऱ्या भांडारातील असते. 'स्नॅपशॉट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कच्च्या आवृत्त्यांना मात्र हे कायमपण लाभत नाही, म्हणून प्रकल्पात त्या वापरू नयेत.

३.३ भाषेच्या मूळ संचातून लायब्ररी वगळली जाणे

एक्सएमएल हाताळणारी 'जॅक्सबी' ही लायब्ररी पूर्वी जावाबरोबरच मिळत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ती वगळण्यात आली. परिणामी जावा ८ वर चालणारा, हायबरनेटची जुनी आवृत्ती वापरणारा प्रकल्प जावा ११ वर 'नो क्लास डेफ फाउंड एरर' देऊन थांबतो. उपाय सोपा आहे : जॅक्सबीचे नाव पॉम फाइलमध्ये स्वतंत्र अवलंबन म्हणून लिहावे.

दुसरा बदल याहून व्यापक आहे. जावाच्या उद्योगस्तरीय आवृत्तीचा कारभार ओरॅकलने एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला. त्यानंतर डिसेंबर २०२० मधील 'जकार्ता ईई ९' मध्ये पॅकेजच्या नावांतील 'जावाएक्स' हा आरंभ बदलून 'जकार्ता' असा करण्यात आला. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखते, तर टॉमकॅट १० नवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले स्प्रिंग बूट ३ नव्या नावांवर आधारलेले असून त्यास किमान जावा १७ लागते. जुन्या पुस्तकातील सर्व्हलेटचे उदाहरण टॉमकॅट १० वर चालत नाही, यात विद्यार्थ्याचा काहीच दोष नसतो. त्याने एक तर टॉमकॅट ९ घ्यावे, नाही तर सर्व संबंधित लायब्रऱ्यांसह नवी नावे स्वीकारावीत. निम्मे जुने व निम्मे नवे असे चालत नाही.

३.४ अर्धवट उतरलेली फाइल

लायब्ररी उतरत असताना वीज गेली किंवा जोडणी तुटली तर स्थानिक भांडारात अपुरी जार राहू शकते. फाइलचे नाव दिसते, म्हणून ती आहे असे वाटते. उघडताना मात्र झिप फाइल वाचता येत नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी संपूर्ण 'डॉट एम-टू' फोल्डर पुसून टाकण्याचा सल्ला दिला जातो. जेथे इंटरनेटचा वेग बेताचा आहे तेथे हा सल्ला महागात पडतो, कारण सर्व लायब्रऱ्या पुन्हा उतरवाव्या लागतात. संदेशात ज्या जारचे नाव आले असेल तिच्या त्या आवृत्तीचा फोल्डर तेवढा काढावा. ते पुरेसे असते.

३.५ आवृत्त्यांचा संघर्ष

हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण बांधणी यशस्वी होते आणि दोष प्रकल्प चालवताना उघड होतो. समजा, आपला प्रकल्प 'क' आणि 'ख' या दोन लायब्रऱ्या वापरतो. 'क' ला 'घ' ची आवृत्ती १ लागते. 'ख' ला 'ग' लागते आणि 'ग' ला 'घ' ची आवृत्ती २ लागते. प्रकल्पात 'घ' ची एकच आवृत्ती राहू शकते. मेव्हन अशा वेळी प्रकल्पापासून जी जवळ असेल ती निवडते, म्हणजे येथे आवृत्ती १. अंतर समान असल्यास पॉम फाइलमध्ये आधी लिहिलेल्या वाटेची आवृत्ती घेतली जाते. आता 'ग' ने आवृत्ती २ मध्येच असलेली एखादी मेथड बोलावली, की 'नो सच मेथड एरर' येतो. ग्रेडलचा नियम निराळा आहे. ते सामान्यतः सर्वांत वरची आवृत्ती निवडते. तेथे 'घ' ची आवृत्ती २ येईल, पण तीत 'क' ला हवी असलेली जुनी मेथड वगळलेली असेल तर 'क' अडेल.

ग्रंथाच्या पाठभेदांशी याची तुलना करता येईल. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ साली धुळे येथे संशोधन मंडळ स्थापन झाले. जुनी कागदपत्रे व पोथ्या हाताळणाऱ्या अशा संस्थांतील अभ्यासक जाणतात की, ग्रंथाचे नाव एक असले म्हणजे पाठ एक असतोच असे नाही. कोणत्या प्रतीतील पाठ घेतला हे सांगितल्यावाचून अर्थाची चर्चा निष्फळ ठरते. लायब्ररीचेही तसेच आहे. नाव सांगून भागत नाही, आवृत्ती सांगावी लागते.

उपायासाठी मेव्हनची 'डिपेन्डन्सी ट्री' ही आज्ञा द्यावी. 'व्हर्बोज' हा पर्याय जोडल्यास कोणती लायब्ररी कोणामुळे आली व कोणती आवृत्ती वगळली गेली हे दिसते. ग्रेडलमध्ये 'डिपेन्डन्सी इनसाइट' ही आज्ञा हेच काम करते. त्यानंतर हवी ती आवृत्ती पॉम फाइलमध्ये स्वतः लिहावी. ती सर्वांत जवळची ठरते आणि तीच निवडली जाते. नको असलेली वाट 'एक्सक्लूजन' लिहून बंद करता येते. मात्र निवडलेल्या आवृत्तीवर दोन्ही बाजू चालतात की नाही, हे प्रत्यक्ष चालवून पाहणे अनिवार्य आहे.

३.६ चालणारे परंतु असुरक्षित अवलंबन

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे २' या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील गंभीर दोष उघडकीस आला. बाहेरून आलेला विशिष्ट मजकूर नोंदवला जाताच परकी प्रणाली सर्व्हरवर चालवता येत असे. धोक्याच्या मापनात त्यास १० पैकी १० गुण देण्यात आले. २.१५.० या आवृत्तीत दुरुस्ती झाली, पण ती अपुरी ठरल्याने त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० व २.१७.१ या आवृत्त्या काढाव्या लागल्या. अनेक संस्थांना आपल्या प्रणालीत ही लायब्ररी आहे हेच ठाऊक नव्हते, कारण ती त्यांनी मागवलेली नव्हती. ती परंपरेने आली होती.

या घटनेचा धडा असा की, अवलंबनाची यादी ठेवणे हे केवळ बांधणीसाठी नव्हे, तर सुरक्षेसाठीही आवश्यक आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२४ साली सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. विद्यार्थ्याने प्रकल्प अहवालात अशी यादी जोडण्याची सवय लावून घेतल्यास ती त्याला पुढे नोकरीतही उपयोगी पडेल.

४. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा पुढील क्रम सुचवता येतो.

(१) संदेशांच्या रांगेतील पहिला दोष वाचावा. खालचे बहुतेक संदेश त्याचेच पडसाद असतात. प्रकल्प चालवताना दोष आला असेल, तर 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ पाहावी.
(२) दोष बांधणीच्या वेळी आला की चालवताना, हे ठरवावे. बांधणीच्या वेळी लायब्ररी मिळत नसल्याचा संदेश आल्यास प्रकार पहिला किंवा दुसरा. जार वाचता येत नसल्यास चौथा. पॅकेजच सापडत नसल्यास तिसरा. चालवताना 'नो सच मेथड' आल्यास पाचवा, आणि 'नो क्लास डेफ फाउंड' आल्यास तिसरा किंवा पाचवा.
(३) वापरात असलेल्या जावाची आणि बिल्ड टूलची आवृत्ती पाहावी. 'एमव्हीएन' या आज्ञेला आवृत्ती विचारली असता दोन्ही एकत्र कळतात.
(४) अवलंबनांचा वृक्ष काढून दोषी लायब्ररी कोणत्या वाटेने आली ते शोधावे.
(५) एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी.

५. टाळावयाचे उपाय

घाईत केलेले काही उपाय रोगाहून वाईट ठरतात. अनोळखी संकेतस्थळावरून जार उतरवून प्रकल्पात टाकणे हा त्यांतील पहिला. ती जार खरी आहे याची कोणतीच हमी नसते आणि पॉम फाइलमध्ये तिचा मागमूसही राहत नाही. सुरक्षा प्रमाणपत्राची तपासणी बंद करून भांडाराशी जोडणी करणे हा दुसरा. नेमकी आवृत्ती न लिहिता 'जी नवी असेल ती' असे लिहिणे हा तिसरा. असा प्रकल्प आज चालतो आणि उद्या कोणी हात न लावताही मोडतो. सर्व लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या एकदम वाढवणे हा चौथा, कारण त्यानंतर कोणत्या बदलाने काय झाले हे समजण्याचा मार्गच उरत नाही.

६. महाविद्यालयीन स्तरावरील व्यवस्था

प्रत्येक विद्यार्थ्याने तीच लायब्ररी स्वतंत्रपणे इंटरनेटवरून उतरवणे हे, प्रत्येकाने तेच क्रमिक पुस्तक मुंबईहून मागवण्यासारखे आहे. त्यासाठी आपण ग्रंथालय ठेवतो. येथेही तोच विचार लागू पडतो. सोनाटाइपच्या नेक्ससची विनामूल्य आवृत्ती प्रयोगशाळेतील एका संगणकावर बसवता येते. एका विद्यार्थ्याने मागितलेली लायब्ररी तेथे साठवली जाते आणि इतरांना अंतर्गत जाळ्यातूनच मिळते. इंटरनेट बंद असले तरी आधी आलेल्या लायब्रऱ्यांवर काम चालू राहते.

ही व्यवस्था शक्य नसल्यास मेव्हनची 'गो-ऑफलाइन' ही आज्ञा आधी देऊन लागणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या उतरवून घ्याव्यात आणि परीक्षेच्या दिवशी ऑफलाइन पर्याय वापरावा. परीक्षेपूर्वी इंटरनेट काढून एकदा बांधणी करून पाहणे इष्ट, म्हणजे राहिलेली लायब्ररी वेळीच लक्षात येते. मेव्हन व ग्रेडल या दोहोंत 'रॅपर' ही सोय आहे. तिच्यामुळे प्रकल्पाबरोबर बिल्ड टूलची नेमकी आवृत्तीही निश्चित होते. ग्रेडलमध्ये अवलंबनांच्या आवृत्त्या कुलूपबंद करण्याचीही तरतूद आहे.

मूल्यमापनाच्या बाबतीतही एक सूचना करावीशी वाटते. प्रकल्प अहवालात जावाची आवृत्ती, बिल्ड टूलची आवृत्ती आणि अवलंबनांचा वृक्ष यांसाठी एक पान राखून ठेवावे. तोंडी परीक्षेच्या वेळी बांधणी अडल्यास विद्यार्थ्याला अपयशी न ठरवता "हा दोष कोणत्या प्रकारचा आहे?" असे परीक्षकाने विचारावे. जो विद्यार्थी याचे उत्तर देऊ शकतो, त्याला विषय समजलेला असतो.

७. समारोप

अवलंबन तुटणे ही अपवादात्मक आपत्ती नव्हे. भांडारे बंद होतात, संवादपद्धती बदलतात, भाषेतून भाग वगळले जातात, जुन्या लायब्रऱ्यांत दोष सापडतात. जावाच्या गेल्या काही वर्षांच्या वाटचालीत हे सर्व घडून गेले आहे आणि पुढेही घडणार आहे. म्हणून तुटलेले अवलंबन ओळखणे व सांधणे हे कौशल्य भाषेच्या व्याकरणाइतकेच आवश्यक मानावे लागेल. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला शेजारी बसलेला अनुभवी सहकारी हे शिकवतो. नरडाण्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला ते वर्गातच मिळाले पाहिजे. दोष स्वतःचा कोणता आणि अवलंबनाचा कोणता, एवढा विवेक त्याच्या ठायी निर्माण झाला, तरी पडद्यावरील लाल अक्षरांपुढे तो हात टेकणार नाही.